हिंदीचे मराठी शिल्पकार : माधवराव सप्रे

छत्तीसगडची राजधानी असलेल्या रायपूर शहरात बूढापारा नावाचा जुना भाग आहे. तेथील एक सरकारी शाळा गावात 'सप्रे शाळा' म्हणूनच ओळखली जाते. सप्रे हे आडनाव मराठी आहे. परंतु ज्यांच्या नावाने ही शाळा ओळखली जाते, ते माधवराव सप्रे महाराष्ट्रात फारसे माहीत नाहीत. हिंदी साहित्याच्या आणि हिंदी वृत्तपत्रांच्या इतिहासात मात्र त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

रायपूरमध्ये मराठी माणसे कशी आली, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. अठराव्या शतकाच्या मध्याला नागपूरकर भोसल्यांनी छत्तीसगडवर आपला अंमल बसवला. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूर येथे राहून या मुलखाचा कारभार पाहू लागले. कारभाराबरोबर कारकून, हिशेबनीस, पुरोहित आणि शिपाई यांची कुटुंबे आली व येथेच रुजली. १८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, तरी ही कुटुंबे परत गेली नाहीत. घरात मराठी, बाजारात छत्तीसगडी आणि शाळेत हिंदी अशा तीन भाषांत त्यांच्या पिढ्या वाढल्या. माधवराव वाढले ते याच मुलखात आणि अशाच वातावरणात.

त्यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. वडिलांचे नाव कोंडोपंत आणि आईचे लक्ष्मीबाई. वडिलांचे छत्र लवकर हरपले. थोरले बंधू बाबूराव यांनी घराचा भार उचलला आणि धाकट्या भावाच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. या बंधूंचे ऋण माधवरावांवर मोठे होते. पुढे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड क्षणी हेच ऋण त्यांच्यासमोर उभे राहणार होते.

प्राथमिक शिक्षण बिलासपूरला झाल्यावर माधवराव रायपूरच्या सरकारी शाळेत दाखल झाले. तेथे त्यांना नंदलाल दुबे हे शिक्षक लाभले. दुबे स्वतः लेखक होते. मराठी घरातल्या या मुलाच्या मनात त्यांनी हिंदीविषयी जी गोडी निर्माण केली, ती जन्मभर टिकली. चांगला शिक्षक मिळणे हा आयुष्यातला योगायोग असतो. माधवरावांच्या बाबतीत त्या योगायोगाचा लाभ एका संपूर्ण भाषेला झाला.

त्या काळी इंग्रजी शिकलेल्या तरुणाला सरकारी नोकरी सहज मिळे. माधवरावांच्या सासरच्या मंडळींनी त्यांच्यासाठी नायब तहसीलदाराच्या जागेची सोय केली होती. ती त्यांनी नाकारली. पेंड्रा भागात काही दिवस ठेकेदारी करून पाहिली. त्यात नुकसान सोसावे लागले. मग पुन्हा शिक्षणाची वाट धरून जबलपूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणी राहून त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची बी.ए. ही पदवी मिळवली. पदवीनंतर नोकरीची दारे अधिकच उघडी झाली होती. तरीही माधवराव पेंड्रा येथील राजकुमाराचे शिक्षक म्हणून गेले. एवढ्या साध्या कामामागे त्यांचा एक हेतू होता. पगारातून चार पैसे शिल्लक टाकून त्यांना मासिक काढायचे होते.

आज मोठमोठ्या कंपन्या आपली बाजू सरकारपुढे आणि लोकांपुढे मांडण्यासाठी जनसंपर्क अधिकारी नेमतात. लोकमत वळवणे हा आता एक पगारी व्यवसाय झाला आहे. माधवरावांनीही आयुष्यभर लोकमत घडवण्याचेच काम केले. फरक एवढाच, की ज्यांची बाजू त्यांनी मांडली, त्या लोकांजवळ पगार द्यायला पैसा नव्हता.

जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ़ मित्र' या मासिकाचा पहिला अंक निघाला. माधवरावांबरोबर रामराव चिंचोलकर संपादक होते आणि रायपूरचे वामन बळीराम लाखे हे मालक. तिघेही मराठी, मासिक मात्र हिंदी. त्यावेळी छत्तीसगडमध्ये एकही नियतकालिक नव्हते. पेंड्र्यात छापखानाही नव्हता. मजकूर तयार होई पेंड्र्याला आणि छपाई होई सुमारे दोनशे किलोमीटरवरील रायपूरला; पुढे ती नागपूरला हलवावी लागली. मजकूर लिहायचा, तपासायचा, छापखान्याकडे पाठवायचा, छापून आलेले अंक वर्गणीदारांना टपालाने रवाना करायचे, थकलेल्या वर्गणीसाठी पत्रे लिहायची, ही सारी कामे दोघातिघांनीच करायची होती.

या मासिकाचे एक वैशिष्ट्य सांगण्यासारखे आहे. हिंदीत त्यावेळी पुस्तकांची समीक्षा फारशी होत नसे. जे होत असे ते बहुधा ओळखीच्या लेखकाचे कौतुक किंवा नावडत्या लेखकाची निंदा. माधवरावांनी नव्या पुस्तकांवर सविस्तर लेख लिहायला सुरुवात केली. गुण दाखवायचे, दोषही दाखवायचे आणि दोन्हींची कारणे द्यायची, अशी त्यांची पद्धत होती. श्रीधर पाठक यांच्यासारख्या नामवंत कवीच्या पुस्तकालाही त्यांनी हीच फुटपट्टी लावली. मराठीत अशी परंपरा विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या काळापासून, म्हणजे १८७४ पासून होती. मराठी वाचनातून मिळालेले हे धन माधवरावांनी हिंदीच्या अंगणात नेऊन ठेवले.

एप्रिल १९०१ च्या सुमारास याच मासिकात त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही लहानशी कथा प्रसिद्ध झाली. टोकरी म्हणजे टोपली. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे असते. शेजारी एका गरीब विधवेची झोपडी असते. तिचा नवरा आणि मुलगा त्याच झोपडीत वारलेले असतात. आता सोबतीला उरलेली असते ती लहानगी नात. वकिलांचे खिसे भरून जमीनदार कोर्टामार्फत झोपडीचा ताबा मिळवतो आणि म्हातारीला बाहेर काढतो. काही दिवसांनी म्हातारी टोपली घेऊन येते. झोपडी सुटल्यापासून नात जेवत नाही. त्या झोपडीतल्या मातीची चूल केली तर तिच्यावर भाजलेली भाकरी ती खाईल, अशी म्हातारीला आशा असते. परवानगी मिळाल्यावर ती टोपली भरते आणि ती डोक्यावर चढवायला जमीनदारालाच हात लावायला सांगते. जमीनदाराला ती टोपली उचलत नाही. एका टोपलीचा भार पेलत नसेल, तर या जागेतल्या हजारो टोपल्या मातीचा भार जन्मभर कसा पेलणार, असे म्हातारी त्याला शांतपणे विचारते. जमीनदार वरमतो, तिची क्षमा मागतो आणि झोपडी परत करतो.

ही हिंदीतील पहिली मौलिक कथा होय, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते तो मान इतर कथांना द्यावा लागेल. हा वाद विद्वानांचा आहे. सामान्य वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की दोनअडीच पानांत, एकही अवजड शब्द न वापरता, माधवरावांनी जमिनीचा प्रश्न, न्यायाचा प्रश्न आणि माणसाच्या मनाचा प्रश्न एकत्र मांडला.

चांगले मासिक आणि चालणारे मासिक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचक थोडे होते. त्यातही वेळेवर वर्गणी देणारे आणखी थोडे. सतत तोटा सोसून डिसेंबर १९०२ मध्ये 'छत्तीसगढ़ मित्र' बंद पडले. त्याचे आयुष्य अवघे तीन वर्षांचे.

माधवराव नागपूरला गेले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने त्या काळात शास्त्रीय परिभाषेचा कोश हाती घेतला होता. त्यातील अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम माधवरावांनी केले. १९०५ मध्ये त्यांनी हिंदी ग्रंथ प्रकाशक मंडळी स्थापन केली आणि पुढच्या वर्षी 'हिंदी ग्रंथमाला' सुरू केली. १९०५ हे बंगालच्या फाळणीचे वर्ष. स्वदेशी आणि बहिष्कार हे शब्द देशभर घुमू लागले होते. लोकमान्य टिळकांचे 'केसरी'तील लेख मराठी वाचकांना जागे करत होते. पण हिंदी वाचकाला ते कसे कळणार? माधवरावांनी त्या विचारांच्या आधारे 'स्वदेशी आंदोलन और बॉयकाट' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे सरकारने ती जप्त केली.

१३ एप्रिल १९०७ रोजी नागपुरातून 'हिंदी केसरी' हे साप्ताहिक सुरू झाले. टिळकांचे लेख हिंदीत आणणे हा त्याचा मुख्य उद्देश होता. त्याबरोबर मध्य प्रांतातील प्रश्नांवर स्वतंत्र लेखनही येऊ लागले. या वेळी वाचक कमी पडले नाहीत. महाराष्ट्राबाहेरच्या शहरांतही हे पत्र आतुरतेने वाचले जाऊ लागले. साहजिकच सरकारचीही त्यावर नजर होती.

३० एप्रिल १९०८ रोजी मुजफ्फरपूर येथे बाँबस्फोट झाला. त्यानंतरच्या लेखांबद्दल टिळकांना २४ जूनला अटक झाली आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांची रवानगी ब्रह्मदेशातील मंडाले येथे करण्यात आली. बरोबर एक महिन्यानंतर, २२ ऑगस्ट १९०८ रोजी, नागपुरात माधवरावांना अटक झाली. 'देशसेवक' पत्राचे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांनाही त्याच सुमारास पकडण्यात आले. माधवरावांवर दंडसंहितेच्या कलम १२४ अ खाली राजद्रोहाचा आरोप होता. टिळकांना ज्या कलमाखाली शिक्षा झाली, तेच हे कलम.

शिक्षा निश्चित दिसत होती. माधवराव तुरुंगात होते आणि बाहेर घर हवालदिल झाले होते. सरकारकडे माफी मागून सुटका करून घ्यावी, असा आग्रह सुरू झाला. त्या आग्रहात सर्वांत पुढे होते थोरले बंधू बाबूराव. ज्यांनी बापाच्या मायेने वाढवले, त्यांनी माफी न मागितल्यास आपण जीव देऊ, असे निर्वाणीचे सांगितले. माधवरावांनी किती दिवस विचार केला असेल, किती रात्री जागून काढल्या असतील, याची कल्पनाच करावी लागते. अखेर त्यांनी माफीपत्रावर सही केली. नोव्हेंबर १९०८ मध्ये त्यांची सुटका झाली.

सुटका झाली, पण सुख संपले. ज्या वाचकांना निर्भयपणा शिकवला, त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने जायचे? टिळक मंडालेच्या तुरुंगात शिक्षा भोगत होते आणि त्यांच्या नावाचे पत्र चालवणारा संपादक घरी आला होता. लोकांनी दोष दिला. काहींनी बोलणे टाकले. माधवरावांनी स्वतःचे समर्थन केले नाही. बंधूंच्या नावावर दोष ढकलून मोकळे होणे शक्य होते. तेही त्यांनी केले नाही. सही आपली, म्हणजे चूकही आपली, असेच त्यांचे पुढचे सारे वागणे सांगते.

वर्ध्याच्या हनुमानगडावर श्रीधर विष्णु परांजपे हे रामदासी संप्रदायातील सत्पुरुष राहत असत. माधवराव त्यांच्याकडे गेले. पदवीधर, नामवंत संपादक, संसारी गृहस्थ. पण तेथे ते मधुकरी मागून राहू लागले. मधुकरी म्हणजे दारोदार जाऊन शिजलेले अन्न मागणे. पुण्याला शिकायला जाणारे गरीब विद्यार्थी नाइलाजाने मधुकरी मागत. माधवरावांनी ती प्रायश्चित्त म्हणून स्वीकारली. दुसऱ्याच्या दारात हात पसरल्यावर अहंकार कितपत टिकतो, हे ते रोज अनुभवत होते. सुमारे वर्षभर हा क्रम चालला. या काळात त्यांनी समर्थ रामदासांच्या 'दासबोधा'ची पारायणे केली.

रामदासी वाट धरणारे बरेच जण पुढे संसार आणि समाज दोन्ही सोडून देतात. माधवरावांचे तसे झाले नाही. 'दासबोध' हा ग्रंथ प्रपंच नेटका करायला सांगतो, प्रयत्नाला देव मानायला सांगतो, लेखन कसे करावे आणि लोक कसे जोडावेत हेही सांगतो. कदाचित म्हणूनच खचलेल्या संपादकाला त्याने पुन्हा उभे केले. १९१० च्या सुमारास माधवराव रायपूरला परतले. त्यांनी तेथे रामदासी मठ सुरू केला आणि 'दासबोधा'चा हिंदी अनुवाद हाती घेतला.

२० दशक आणि २०० समासांचा हा ग्रंथ हिंदीत आणणे सोपे नव्हते. मराठी आणि हिंदी या बहिणी असल्या तरी त्यांचे शब्द अनेकदा फसवतात. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत राग येतो, हिंदीत राग जडतो. शब्द तोच आणि अर्थ निराळा, अशा जागा पावलोपावली येतात. दोन्ही भाषा घरच्यासारख्या असलेला माणूसच त्या ओळखू शकतो. रायपूरच्या मराठी घराने आणि नंदलाल दुबे यांच्या वर्गाने मिळून माधवरावांची ही तयारी करून ठेवली होती.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहिले. सुटकेनंतर १९१५ साली ते पुण्यात प्रसिद्ध झाले. त्याचा हिंदी अनुवाद कोणी करावा? हे काम माधवरावांकडे आले. सात वर्षांपूर्वी माफीपत्रावर सही करणाऱ्या हातांनीच टिळकांचा हा ग्रंथ हिंदीत उतरावा, यापेक्षा मोठा विश्वास कोणता असू शकेल? हा अनुवाद टिळकांच्या हयातीतच पुण्याहून प्रसिद्ध झाला. उत्तर भारतातील असंख्य वाचकांनी टिळकांचा कर्मयोग माधवरावांच्या भाषेतून समजून घेतला. अनुवाद इतका सहज उतरला आहे, की मूळ ग्रंथ मराठी होता याचा अनेकांना विसर पडतो. पुढे त्यांनी भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांचा महाभारतावरील मराठी ग्रंथही 'महाभारत मीमांसा' या नावाने हिंदीत आणला.

रायपुरात त्यांची दुसरी कामेही चालू होती. १९१२ मध्ये त्यांनी मुलींसाठी जानकी देवी कन्या पाठशाळा सुरू केली. मुलींना शाळेत पाठवायला लोक कचरत असत, त्या काळातली ही गोष्ट आहे. १९२०-२१ च्या असहकाराच्या चळवळीत सरकारी शाळा सोडलेल्या मुलांसाठी रायपूरमध्ये राष्ट्रीय विद्यालय निघाले. त्यामागेही त्यांचे, वामनराव लाखे यांचे आणि इतर सहकाऱ्यांचे परिश्रम होते.

या सर्व कामांत एक गोष्ट लक्षात येते. माधवराव पुढे उभे राहत नसत. १७ जानेवारी १९२० रोजी जबलपूरहून 'कर्मवीर' हे साप्ताहिक निघाले. त्याच्या उभारणीत माधवरावांचा मोठा वाटा होता; परंतु संपादक म्हणून नाव आले ते माखनलाल चतुर्वेदी या तरुण कवीचे. माखनलाल त्यांना गुरू मानत. संपादकाच्या खुर्चीवर बसणे म्हणजे काय आणि ती खुर्ची एखाद्या दिवशी काय किंमत मागते, हे माधवरावांइतके कोणाला ठाऊक होते? १९२१ मध्ये माखनलाल यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि बिलासपूरच्या तुरुंगात त्यांनी शिक्षा भोगली. ज्या बिलासपुरात गुरूने बाराखडी गिरवली, तेथेच शिष्याने कारावास सोसला.

१९२४ मध्ये डेहराडून येथे भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी माधवरावांची निवड झाली. मातृभाषा मराठी असलेल्या माणसाला हिंदी लेखकांनी आपल्या व्यासपीठावर सर्वोच्च स्थान दिले. प्रकृती तोवर ढासळली होती. आयुष्यभर पैशाची ओढाताण, अपुरी विश्रांती आणि अखंड लेखन यांचा परिणाम दिसत होता. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले. त्यावेळी त्यांचे वय ५४ वर्षांचे होते.

त्यांच्या मासिकांचे आणि साप्ताहिकांचे अंक हळूहळू दुर्मीळ झाले. जुनी वर्तमानपत्रे कोण जपून ठेवतो? घरोघरी ती रद्दीत जातात किंवा माळ्यावर वाळवी लागून संपतात. १९८४ मध्ये भोपाळ येथे जुनी वृत्तपत्रे आणि नियतकालिके जमवून जतन करणारे एक संग्रहालय सुरू झाले. त्याला माधवराव सप्रे यांचे नाव देण्यात आले. ज्या 'छत्तीसगढ़ मित्रा'ला पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत, त्याच्या संपादकाच्या नावाखाली आता देशभरातले संशोधक पिवळी पडलेली पाने उलटत बसतात.